पाचशे फुटांवरचे वळण

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, घडवलेल्या माणसाला ‘नियंत्रण सुटले’ एवढे उत्तर पुरत नाही. फाउंड्रीतले एखादे कास्टिंग नापास होऊन परत आले, तर त्यात ब्लो होल कुठे पडले, साच्यातली वाळू कुठे ढासळली, की पॅटर्नलाच टेपर कमी दिला गेला होता, याचा छडा लागेपर्यंत माझ्या काकांना घास गोड लागत नसे, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यामुळे अमेरिकेत हलके विमान चालवताना गेलेल्या त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या मावसभावाच्या, दादाच्या, अपघाताचा अंतिम अहवाल दीड वर्षाने हाती आला, तेव्हा मावशीने तो कपाटात ठेवून द्यायला सांगितले आणि काकांनी मला फोन केला. “तू फिजिक्स शिकवतीस. इंग्रजी मला वाचता येतं, पण यातलं कळंना झालंय. नेमकं काय झालं ते सांग. गोड करून सांगू नको.”

जुलैचा शेवटचा आठवडा होता. राजाराम बंधारा केव्हाच पाण्याखाली गेला होता आणि पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होती, त्यामुळे गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी फूट आणि इंच होते. मंगळवार पेठेतल्या त्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत काकांनी टेबल मोकळे करून ठेवले होते. त्यावर अहवालाची प्रत, भिंग, स्टीलची फूटपट्टी आणि सुताराची चपटी पेन्सिल एवढेच होते. न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली त्यांनी पट्टी लावून रेघ ओढली होती. सर्वांत जास्त रेघा ‘स्टॉल’ या शब्दाखाली होत्या.

हा शब्दच आमच्या घरातल्या दीड वर्षाच्या गैरसमजाचे मूळ होता. गाडी चढावर स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडले, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून तिकडून आलेल्या पहिल्या फोनमध्ये हा शब्द कानावर पडला, तेव्हा विमानाचे इंजिन आकाशात बंद पडले असेच सर्वांनी धरून चालले. मग कोणी विमान बनवणाऱ्याला दोष दिला, कोणी जुने विमान घेतल्याबद्दल दादालाच दिला. तेराव्याला आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी संजय गांधींचे उदाहरण काढले आणि ‘शौकापायी जीव गेला’ असा निकाल देऊन ते जेवायला बसले. मावशी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ते वाक्य तिने ऐकले, हे मी पाहिले होते, आणि अहवाल तिला का नको होता हे मला त्या क्षणापासून ठाऊक होते.

अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा, म्हणजे एनटीएसबीचा होता. हे मंडळ कोणावर खटला भरत नाही, कोणाला दंड करत नाही. काय घडले आणि बहुधा कशामुळे घडले, एवढेच ते सांगते. त्यांच्या कामाची पद्धत काकांना पहिल्या दोन पानांतच आवडली. शेतात विखुरलेल्या अवशेषांतून तपासणाऱ्यांनी वैमानिकाच्या हातातल्या काठीपासून शेपटीपर्यंतची प्रत्येक नियंत्रण-तार, प्रत्येक बिजागरी, प्रत्येक जोड तपासला होता आणि जे तुटले होते ते जमिनीवर आदळल्यामुळेच तुटले होते, आधी सुटलेले काहीही नव्हते, असे नोंदवले होते. पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, पात्यांवर आडवे ओरखडे होते, म्हणजे आदळताना पंखा जोराने फिरत होता. टाकीत इंधन होते. शेजारच्या शेतात गवत कापणाऱ्या माणसाने इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा येत होता असे सांगितले होते. हा भाग काकांनी मला दोनदा वाचायला लावला. “प्रत्येक जोड बघितला म्हणायचा त्यांनी,” ते म्हणाले, आणि बराच वेळ पुढचे काही विचारले नाही. आपल्या मुलाच्या मोडक्या विमानाकडे परक्या मुलखातल्या कोणा कारागिराने इतक्या बारकाईने पाहिले, याचा त्यांना आधार वाटला असावा. मलाही वाटला.

मग मी स्टॉलकडे वळले. या अर्थाने स्टॉल होतो तो पंख, इंजिन नव्हे. पंखाला उचल मिळते ती त्याच्या वेगामुळे आणि समोरून येणाऱ्या हवेला तो जो कोन देतो त्या कोनामुळे. वेग कमी झाला की तेवढीच उचल टिकवण्यासाठी कोन वाढवावा लागतो, म्हणजे काठी मागे ओढून नाक वर घ्यावे लागते. पण या सौद्याला मर्यादा आहे. साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे हवा पंखाच्या वरच्या पाठीला चिकटून वाहू शकत नाही. ती पाठ सोडून फाटते, उचल एकदम ढासळते आणि पंख साथ सोडतो. लहानपणी ज्याने पतंग उडवला आहे त्याने हे पाहिलेले असते. कण्णी चुकीची बांधली आणि पतंग वाऱ्याला फार उभा राहिला, की तो चढायचे सोडून थरथरतो आणि गोता खातो. दोर हातातच असतो, वाराही तेवढाच असतो.

काकांनी एवढे ऐकले आणि ते उठून मागच्या पडवीत गेले. अर्ध्या तासाने आले तेव्हा त्यांच्या हातात तेलाच्या डब्याच्या पत्र्याची वीतभर रुंद पट्टी होती. पाइपावर वळवून तिला पुढच्या कडेला गोलाई आणि मागे उतार दिला होता. पंखाचा छेद असावा तसा. मावशीच्या शिवणाच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्याचे बोटभर तुकडे करून त्यांनी ते पट्टीच्या वरच्या अंगाला ओळीने चिकटवले. वारा कोठून कसा वाहतो हे पाहण्यासाठी प्रयोगशाळांतही असेच दोरे लावतात, हे मी त्यांना सांगितलेले नव्हते. टेबलफॅन सुरू केला, पट्टी त्याच्यासमोर धरली आणि कोनमापक शेजारी ठेवून त्यांनी ती हळूहळू कलती केली. पाच अंशांवर दोरे पाठीला चिकटून सरळ मागे पडले होते, नुकत्याच विंचरलेल्या केसांसारखे. दहावर पट्टी हातात वर उचलली जात असल्याचे त्यांना जाणवले आणि त्यांनी मलाही ती धरून पाहायला लावली. बारा-तेरावर मागच्या कडेचे दोरे वळवळू लागले. पंधरा-सोळाच्या आसपास एकाएकी सगळे दोरे उभे राहून नाचू लागले, काही तर उलटे पुढे वळले, आणि हाताला लागत असलेला उचलीचा जोर जाऊन पट्टी नुसती थडथडू लागली. फॅन त्याच वेगाने फिरत होता.

काकांनी पट्टी पुन्हा थोडी खाली कलवली. दोरे लगेच निजले. हे त्यांनी आठ-दहा वेळा केले.

“म्हणजे सोडलं की सुटतंय,” ते म्हणाले.

इतक्या थोड्या शब्दांत मी हे आजवर एकाही वर्गात सांगू शकलेले नाही. स्टॉलमधून बाहेर येण्याचा मार्ग काठी पुढे सोडणे हाच आहे. नाक खाली जाऊ द्यायचे, कोन कमी करायचा, हवा पुन्हा पाठीला बसते. अडचण अशी की विमान खाली जात असताना, समोरच्या काचेत जमीन मोठी होत असताना, माणसाचा हात काठी पुढे ढकलायला तयार होत नाही. तो मागे ओढतो. ओढले की कोन आणखी वाढतो आणि जे सुटायचे ते घट्ट धरून बसते.

उडण्याच्या इतिहासात हा धडा पहिल्यापासून माणसांच्या जिवावर शिकला गेला आहे. जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल १८९१ पासून स्वतः बांधलेल्या ग्लायडरांनी टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणे करून चुकला होता. त्याच्या ग्लायडरला काठी नव्हती; लोंबकळते शरीर मागेपुढे झुलवून तो तोल सांभाळी. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेच्या एका झोताने त्याच्या ग्लायडरचे नाक वर उचलले, पंखाने साथ सोडली आणि सुमारे पन्नास फुटांवरून तो खाली आला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. ही बातमी वाचून अमेरिकेतल्या राइट बंधूंचे उड्डाणाचे कुतूहल जागे झाले. उचल आणि इंजिन यांची गणिते सुटतील, पण तोल आणि नियंत्रण हाच खरा न सुटलेला प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले आणि १७ डिसेंबर १९०३ च्या त्या बारा सेकंदांच्या उड्डाणापूर्वीची कित्येक वर्षे याच प्रश्नावर घालवली. पुढे २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क नावाच्या नौदलाच्या लेफ्टनंटचे विमान गिरकीत, म्हणजे स्टॉल होऊन गरगरत खाली येण्यात, सापडले. तोवर गिरकीतून वाचून खाली आलेल्यांनाही आपण का वाचलो हे नीट सांगता येत नसे. पार्कने नेहमीचे सगळे उपाय करून पाहिले, आणि शेवटी ज्या दिशेला विमान फिरत होते त्याच्या उलट दिशेला शेपटीचे सुकाणू पायाने पूर्ण दाबले. जमिनीपासून पन्नासेक फुटांवर विमान सावरले. आपण काय केले ते त्याने उतरल्यावर सांगितले आणि लोकांनी ते लिहून घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो दुसऱ्या विमानाच्या अपघातात गेला, पण ते सांगणे राहिले, आणि आजही गिरकीतून सुटण्याच्या पाठात इंजिनाची शक्ती कमी करणे, विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा मध्यावर आणणे आणि काठी पुढे ढकलणे यांच्याबरोबर ते उलटे सुकाणू शिकवले जाते.

काकांनी या सगळ्यातले एकच विचारले. पार्कला उलटे दाबायचे सुचले, मग आपल्याला का सुचले नाही? ‘आपल्याला’ असा शब्द त्यांनी वापरला.

त्याचे उत्तर अहवालाच्या चौथ्या पानावरच्या नकाशात होते. दादाच्या विमानात ठेवलेल्या टॅब्लेटमध्ये त्याची वाट नोंदली गेली होती. लहान विमान उतरताना धावपट्टीभोवती एक चौकोनी फेरी घेते. आधी पट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने, जमिनीपासून साधारण १००० फुटांवर. मग काटकोनात वळून आडव्या बाजूने, उंची कमी करत. आणि मग पुन्हा काटकोनात वळून पट्टीच्या सरळ रेषेत. हे शेवटचे वळण ५०० फुटांच्या आसपास होते. त्या दिवशी आडव्या बाजूवर वारा दादाच्या पाठीमागून होता. हवेच्या हिशेबाने वेग नेहमीचा असला तरी जमीन खालून भरभर मागे जात होती, आणि त्याने वळायला सुरुवात केली तोवर पट्टीची रेषा येऊन ठेपली होती. नकाशावर त्याची वाट रेषा ओलांडून पलीकडे गेलेली दिसते. फार नाही, काही शे फूट.

अशा वेळी करण्याची गोष्ट अगदी साधी असते. नाद सोडायचा, इंजिनाची शक्ती पूर्ण द्यायची, वर जायचे आणि पुन्हा एक फेरी घेऊन यायचे. पण रेषा तर समोरच दिसते आहे, थोडेसेच जास्त वळायचे आहे. जमिनीजवळ विमान फार कलते करू नये, हे शिकवलेले असते आणि ते बरोबरही आहे. म्हणून पंख आणखी न कलवता वैमानिकाचा पाय आतल्या बाजूचे सुकाणूचे पेडल दाबतो, नाक रेषेकडे ओढून आणण्यासाठी. पायाने नाक आत ओढले की बाहेरचा पंख जास्त वेगाने फिरतो, आतला मंदावतो, आणि कलंडणे वाढू लागते. ते थोपवायला हात काठी उलट बाजूला नेतो. त्याने आतल्या पंखाची झडप खाली जाते आणि नेमका त्याच, आधीच मंदावलेल्या पंखाचा कोन आणखी वाढतो. नाक किंचित खाली झुकते, ते सावरायला काठी मागे येते. या साऱ्या हालचाली बोटभर अंतराच्या असतात. त्यांतली प्रत्येक हालचाल आधीची चूक दुरुस्त करण्यासाठी असते.

त्यात वळणाचे स्वतःचे ओझे असते. उंची राखून ४५ अंश कलून वळायचे तर पंखाला विमानाच्या वजनाच्या सुमारे १.४ पट भार उचलावा लागतो, ६० अंशांत दुप्पट. सरळ उडताना ४० नॉटला (ताशी ४० सागरी मैलांना) साथ सोडणारा पंख ४५ अंशांच्या वळणात ४८ नॉटच्या आसपासच साथ सोडतो आणि ६० अंशांच्या वळणात जवळजवळ ५७ नॉटला. वेगाचा काटा मात्र ही बदललेली मर्यादा दाखवत नाही. नाकही वर असत नाही. उतरणीला लागलेले विमान क्षितिजाच्या खालीच पाहत असते, त्यामुळे पंख मर्यादेला टेकला आहे असे डोळ्यांना वाटतच नाही. मग आतला पंख आधी सुटतो, विमान त्या अंगाला पालथे पडल्यासारखे होते आणि गिरकी सुरू होते.

मी काकांना जोतिबाच्या डोंगराचे माप दिले, कारण फुटांचे आकडे कागदावर कोरडे राहत होते. जोतिबा आजूबाजूच्या सपाटीहून सुमारे हजार फूट उंच आहे. सेसना १५२ सारख्या शिकाऊ विमानाच्या माहितीपुस्तकात, गिरकीची एक फेरी होऊन सावरेपर्यंत साधारण १००० फूट उंची खर्च होते असे दिलेले आहे. तेही वैमानिक तयारीत असताना, पहिल्या क्षणापासून बरोबर उपाय करत असताना. म्हणजे शिखरापासून पायथ्यापर्यंतचा सगळा डोंगर लागतो. दादा अर्ध्या डोंगरावर होता.

“मग सुचलं असतं तरी?” काका म्हणाले.

“नाही काका,” मी म्हटले. गोड करून सांगू नको, असे त्यांनीच बजावले होते. “तिथं सुचून उपयोग नव्हता.”

बाहेर पावसाचा जोर वाढला होता. मावशीने चहा आणून ठेवला आणि ती परत आत न जाता दारालगतच्या खुर्चीवर बसली. काका मग तालमीबद्दल बोलू लागले आणि मला आधी वाटले की त्यांना विषय बदलायचा आहे. तरुणपणी ते आमच्या पेठेतल्या तालमीत लाल मातीत उतरत. खासबागेत एकदा छोट्या जोडीत कुस्तीही केलेली आहे. नवा पोरगा मातीत आला की वस्ताद त्याला पहिले काय शिकवतात, तर समोरचा ओढतो तेव्हा आपण ओढायचे नाही. सगळ्या नव्या पोरांचे अंग उलट ओढते, कारण अंगाला तेवढेच कळते. ओढले की तोल समोरच्याच्या हातात जातो. वस्तादांनी नुसते सांगून भागत नाही. रोज पहाटे, महिनोन्‌महिने पाडून घ्यावे लागते, तेव्हा कुठे अंग ओढीबरोबर जायला शिकते. “त्याला कुणी पाडलं होतं का असं?” त्यांनी विचारले. “मुद्दाम? शिकवताना?”

हा प्रश्न हलक्या विमानांच्या जगात कैक वर्षे विचारला जात आहे, आणि मंगळवार पेठेतल्या एका पॅटर्नमेकरने तो स्वतःच्या वाटेने येऊन नेमका विचारला. अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी गिरकी प्रत्यक्ष घेऊन सावरण्याची अट १९४९ साली काढून टाकली गेली. ती आता विमान शिकवणाऱ्या शिक्षकांपुरती उरली आहे. त्यामागचे कारण वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. जीवघेण्या गिरक्या बहुतेक जमिनीजवळ होतात, जिथे सावरायला उंचीच नसते, म्हणून गिरकीत शिरूच नये हे शिकवणे जास्त उपयोगाचे, असा तो विचार आहे. स्टॉलचा सराव दादाने केला होता, त्याच्या नोंदवहीत तो होता. पण तो सराव तीन-चार हजार फुटांवर होतो, शिक्षक शेजारी असतो, नाक सावकाश वर जाते, इशाऱ्याचा भोंगा वाजतो, आणि आता होणार हे आधीच माहीत असते. वळणात, वाऱ्यात, रेषा चुकलेली असताना, नाक खाली असताना तो कसा येतो, हे त्या सरावात कळत नाही. माझे स्वतःचे मत असे झाले आहे की शरीराला ते एकदा तरी उंचावर, सुरक्षित जागी कळायला हवे. सावरायला शिकण्यासाठी नव्हे, तर पायाखालचे पेडल जरा जास्त दाबले गेले की पोटात धस्स व्हावे यासाठी. दादाच्या पोटात ते झाले नसावे. त्याला ते वळण, थोडे लांबलेले का होईना, वळणच वाटले असावे.

‘शौकापायी’ हा शब्द मला तेव्हाही सलला होता आणि आजही सलतो. संजय गांधी २३ जून १९८० रोजी दिल्लीत कसरतींसाठीच बनवलेल्या पिट्स विमानातून कोलांटी घेत असताना गेले; त्यांच्याबरोबर कॅप्टन सुभाष सक्सेना हेही गेले. तिथे ताबा सुटला तो कसरत करताना. दादा कसरत करत नव्हता. प्रत्येक उड्डाणाच्या शेवटी प्रत्येक वैमानिक जे वळण घेतो, ते तो घेत होता. आणि हे केवळ शनिवार-रविवार उडणाऱ्या हौशी माणसांच्याच हातून होते असेही नाही. रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे एअरबस ए-३३० हे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकवर वेगाचे मोजमाप बिघडून गोंधळात सापडले. सुमारे ३८,००० फुटांवरून साडेतीन मिनिटे ते स्टॉलमध्येच खाली येत राहिले, भोंगा पुन्हा पुन्हा वाजत राहिला, आणि एका वैमानिकाचा हात जवळजवळ शेवटपर्यंत काठी मागेच ओढत होता. २२८ माणसे गेली. तिथे डोंगरच्या डोंगर उंची शिल्लक होती, पगारी, प्रशिक्षित माणसे होती. हाताने तेच केले. हलक्या खासगी विमानांच्या जीवघेण्या अपघातांत हवेत नियंत्रण सुटणे हेच अमेरिकेत सर्वांत मोठे कारण आहे, असे तिथली हवाई यंत्रणा वर्षानुवर्षे सांगत आली आहे. तरीही बातम्यांत आणि घराघरांत त्याचे ‘चूक’ किंवा ‘धाडस’ या दोन शब्दांत गाठोडे बांधले जाते. त्या दोन्ही शब्दांत दादा मला सापडत नाही. तो काटेकोर माणूस होता. विमान त्याने दोन मित्रांबरोबर भागीत घेतले होते आणि प्रत्येक उड्डाणाआधी तपासणीची यादी तो मोठ्याने वाचत असे. त्याचा एक व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात तो ‘कंट्रोल्स फ्री अँड करेक्ट’ म्हणत काठी चारी बाजूंना फिरवतो, मग मान वळवून मागे शेपूट हलते का ते पाहतो, आणि मग कॅमेऱ्याकडे बघून मराठीत म्हणतो, “सगळं बरोबर हाय.”

हे मी त्या दिवशी प्रथमच मावशीसमोर बोलले. तिने अहवालातले काही विचारले नाही. “त्याला कळलं असेल का गं?” एवढेच विचारले. गिरकी सुरू झाल्यापासून जमिनीपर्यंत किती वेळ गेला हे त्या नोंदीत होते, आणि मी तिला तो आकडा सांगितला. चार-पाच सेकंद. तिने मनातल्या मनात मोजले असावेत, कारण तिचे ओठ हलले. मग ती उठून आत गेली.

काकांचा पुढचा प्रश्न दादाच्या दोघा भागीदारांबद्दल होता. त्यांपैकी एकाने उडणे सोडले होते. दुसऱ्याने दुसऱ्या एका लहान विमानात वाटा घेतला होता आणि त्यात पंखाचा कोन दाखवणारा मापक बसवून घेतला होता, हे वहिनीने मला कळवले होते. वेगाच्या काट्यासारखा तो फसत नाही, कारण तो थेट कोनच मोजतो. वळण असो, सरळ असो, वजन कमी असो वा जास्त, पंख मर्यादेच्या किती जवळ आला ते रंगीत दिव्यांनी आणि आवाजाने सांगतो. लढाऊ आणि मोठ्या विमानांत हे उपकरण पूर्वीपासून आहे. लहान विमानांत ते बसवण्याची परवानगीची किचकट वाट अमेरिकेत २०१४ साली सोपी झाली. काकांनी त्याची किंमत विचारली. मी अंदाजाने सांगितली. त्यांनी ती अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिली, खाली रेघ मारली आणि त्या आकड्याकडे पाहत राहिले. मला तिथून उठून जावेसे वाटले, पण मी उठले नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पाणी उतरल्यावर, त्यांनी मला उजळाईवाडीला न्यायला सांगितले. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला हा विमानतळ आमच्या लहानपणी बहुतेक रिकामाच असे. दादा आम्हा सगळ्या भावंडांना सायकलवर डबल-ट्रिपल घेऊन इथे येई आणि तारेच्या कुंपणाबाहेर तासन्‌तास बसवून ठेवी. एकही विमान न दिसता परत जाताना, आपण आज वाऱ्याची पिशवी पाहिली, ती कुठल्या बाजूला फुगली होती ते लक्षात ठेवा, असे तो आम्हाला बजावी. आता नवी टर्मिनल इमारत झाली आहे आणि विमाने रोज येतात. आम्ही गाडी कुंपणापासून दूर, रस्त्याच्या कडेला लावली. पाऊस थांबला होता, पण पश्चिमेचा वारा होता आणि वाऱ्याची नारिंगी पिशवी ताठ भरलेली दिसत होती. काकांनी खाली उतरताच आधी तिच्याकडे पाहिले.

एटीआर जातीचे प्रवासी विमान पूर्वेकडून येणार होते, वाऱ्याला तोंड करून. बराच वेळ ढगांत नुसता आवाज होता. मग ते दूरवर दिसले, एक पंख खाली करून वळत असलेले. काका गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते. त्यांचा उजवा हात गुडघ्याच्या वर, मूठ सैल, आणि विमान वळू लागले तशी ती मूठ इंचभर पुढे सरकली. ते पट्टीच्या रेषेपर्यंत आले, पंख सरळ झाले. रेषा ओलांडली गेली नव्हती.

“बसलं बरोबर,” ते म्हणाले, आणि चाके टेकेपर्यंत तिथेच उभे राहिले.